सूपभर कोंडा

मढ
२० जानेवारी १९९७

ती. ताईस आरतीचा नमस्कार.

जुन्नरच्या स्टँडवर घोडेगाव गाडीच्या कंडक्टरकडे निरोप दिला होता. तो पोचला असेल नसेल, म्हणून लिहिते. गुरुवारी पहाटे जुन्नरच्या दवाखान्यात मला मुलगा झाला. बाळ सुखरूप आहे, मीही उठून बसते. नाक आपल्या बापूंचं घेतलंय. बाकी सगळं अजून सुजलेलं आहे, त्यामुळे कुणाच्या वळणावर गेलाय ते सांगता येत नाही.

लोक पेढे मागतात आणि मी पुढच्या आठवड्यावर ढकलते. मागच्या खेपेचं बाळ अकराव्या दिवशी गेलं, ते तुझ्यासमोरच. तो दिवस उलटल्याशिवाय आनंद करायचा नाही असं मी मनाशी धरून बसले आहे. सासूबाईंचंही तेच. हातातलं काम टाकून येतात, बाळाच्या नाकाशी बोट धरतात आणि परत जातात.

आता ऐक. त्यांनी बाळ विकायचं ठरवलं आहे. घाबरू नकोस, आपल्या चुलत आत्याच्या कोंडिबाचं केलं होतं तसंच. बारशाच्या सकाळी बाळाला सुपात घालायचं, जिची सगळी पोरं जगली अशा बाईच्या पदरात द्यायचं आणि मग सूपभर कोंडा मोजून तिच्याकडून विकत घ्यायचं. म्हणजे पोर तिचं झालं, आपण नुसतं सांभाळायचं. कोंड्याच्या मोलाचं पोर नेऊन काय करायचं, असं वाटून सटवाई मागे फिरते म्हणे. यांना हे पटलेलं नाही, पण आईपुढे यांचं तोंड कधी उघडलंय? मी तर लगेच हो म्हटलं. कोंडाच काय, मागतील ते देईन.

श्रेयाला बाळ दाखवलं. तिनं लांबूनच विचारलं, "कुठनं आनलं?" हे म्हणाले, "जुन्नरच्या बाजारातनं." मग तिनं पिशवी कुठाय म्हणून विचारलं. सारखी माझ्या अंथरुणात शिरायला बघते. तीन वर्षं माझ्या कुशीत झोपलेली पोर, आता आजीजवळ झोपवावी लागते.

दाजींना नमस्कार, ऋषीला गोड पापा. बारशाला येच. आई नाही, तर माहेरचं म्हणून तूच.

तुझी
आरती


घोडेगाव
२३ जानेवारी १९९७

चि. सौ. आरती,

आशीर्वाद आहेतच, पण आधी पाय पसरून निवांत पड आणि मग वाच.

मला बारशाला येता येत नाही. ऋषीला कांजिण्या आल्यात. अंगावर बोट ठेवायला जागा नाही आणि घरभर कडुनिंबाचा पाला. असल्या घरातून बाळंतिणीकडे येणं बरं नव्हे. बाळंतविडा तुझ्या दाजींच्या हापिसातल्या एकाबरोबर जुन्नरपर्यंत पाठवते आहे, तिथून सावळेरामरावांनी उचलावा. अळीव, डिंक, खोबरं, बाळंतशेपा, सहा झबली, चार टोपडी. डिंकाचे लाडू सासूबाईंनी पाव्हण्यांना वाटले तर मला कळव, मी तिथं येऊन भांडेन. ते तुझ्यासाठी आहेत.

विकायचं म्हणतात तर विकू दे गं. आपलं काय जातं? कोंडिबा पन्नाशीचा झाला, ट्रॅक्टर चालवतो, दोन सुनांना धाकात ठेवतो. म्हणजे कोंड्यात काहीतरी असणारच. हसले मी, पण मनातून तुझ्या सासूबाईंचं बरंच वाटलं. काळजी आहे म्हणूनच करतायत ना.

श्रेयाचं मात्र मला लागून राहिलंय. थोरलं पोर अशा वेळी हमखास आडमुठं वागतं. तू ओल्या अंगाची, सासूबाईंना गोठा, सावळेरामराव शेतात. तिच्याकडे बघायचं कुणी? ऋषीच्या खपल्या पडल्या की मी तिला घेऊन येते. होळीपर्यंत राहील माझ्याकडे. माझ्या घरात मुलीचं पाऊल नाही, तुला माहीतच आहे. ऋषीनंतर देवानं काही दिलं नाही आणि आता देणारही नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हा तिला सांभाळणं मला जड नाही. उलट घर भरल्यासारखं होईल.

विचार कर आणि कळव.

तुझी
ताई


मढ
६ फेब्रुवारी १९९७

ती. ताईस नमस्कार.

अकरावा दिवस गेला. त्या दिवशी मी जेवलेच नाही. बाराव्या दिवशी सकाळी इतकी भूक लागली की तुझे तीन लाडू एका दमात खाल्ले. नाव समर्थ ठेवलं. सासूबाई त्याला भिका म्हणतात, मोठ्या नावाला दृष्ट लागते म्हणून. म्हणू देत.

विक्रीचं सांगते. सासूबाई आधी खालच्या आळीला आक्काबाईंकडे गेल्या होत्या. सासूबाईंच्या सासूच्या काळी इकडची पोरं त्याच घरात विकायची चाल होती म्हणे. आक्काबाईंनी चहा दिला, बाळाची चौकशी केली आणि सरळ सांगितलं, "साळुबाई, आमी बुद्धाचं झालो तवापास्नं हे सोडलंय. लेकरू बघाया येईन, पन इकत घ्यायला न्हाई येनार. आमच्यात पोरं इकत घेत न्हाईत." श्रेया आजीबरोबर गेली होती, तिनं घरी येऊन तेच वाक्य दहादा घोकलं. सासूबाई थोड्या फुगल्या. पण आक्काबाई खरंच दुसऱ्या दिवशी अंडी घेऊन आल्या आणि बाळाला बघून गेल्या.

मग समोरच्या कुशाबाईला विचारलं. तिची सहाच्या सहा पोरं धडधाकट आहेत आणि बाळाला अंघोळ घालायला ती रोज येतेच. तिला काय, हौसच. सुपात बाळ घेऊन ती चक्क उंबरा ओलांडून तिच्या घरात गेली. ताई, खोटं आहे हे माहीत असून मी अंथरुणातून उठून दारापर्यंत गेले. सासूबाईंनी दारात जाऊन सूपभर कोंडा ओतला तेव्हा बाळ परत आलं. श्रेया आजीचा पदर धरून शेवटपर्यंत उभी होती. रडली नाही, ओरडली नाही. सगळ्या म्हणाल्या, किती शहाणी पोर.

आता कुशाबाईला रोज एक करमणूक झाली आहे. अंघोळ घालताना म्हणते, "माझं प्वार हाय हे, मी नेनार." मग श्रेयाकडे वळून, "आन् तुझा कोंडा कुनी दिलाय गं? कुनीच न्हाई! तू तर फुकटच ऱ्हातीस. तुला बी घिऊन जाऊ का?" बायका हसतात. श्रेया हसत नाही. माझ्यासारखीच आहे, चेष्टा उशिरा कळते.

तुझ्याकडे पाठवायचं म्हणतेस, पण तूर्त नको. ती अगदी गुपचूप झाली आहे. दिवसभर दाराआड बसते, बाहेरून कुणी आलं की आत येते. काही त्रास नाही तिचा.

तुझी
आरती


घोडेगाव
१५ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. आरती,

तुझं 'काही त्रास नाही' वाचलं आणि मला काळजी वाटली. तीन वर्षांचं पोर त्रास देत नसेल तर त्याच्या पोटात काहीतरी शिजतंय असं समज. ही जळते आहे बाळावर. आत्तापर्यंत राणी होती, आता कुणी विचारत नाही. बाळाजवळ तिला एकटं सोडू नकोस. आमच्या आळीत एका पोरीनं पाळण्यातल्या भावाच्या तोंडावर उशी ठेवली होती, वेळेवर कुणीतरी बघितलं म्हणून बरं.

ऋषी बरा झाला. शाळेत जातो आणि अंगावरचे डाग पोरांना दाखवून भाव खातो. मी आल्यागेल्याकडून कापड मागवून श्रेयासाठी चार फ्रॉक शिवले. एकाला खाली झालर आहे. बाजारातून लाल रिबिनी आणल्या. इथली बालवाडी चांगली आहे, बाईंशी बोलून ठेवलंय, जूनमध्ये नाव घालता येईल. ऋषीबरोबर जाईल येईल. मागची खोली रिकामीच आहे.

शिवरात्रीची भीमाशंकरची यात्रा जवळ आली, त्यामुळे तुझ्या दाजींची ड्यूटी डोंगरावर. ते आले की मला निघता येईल. तू मायेपोटी पोरीला धरून ठेवू नकोस. तिच्याही भल्याचं बघ आणि बाळाच्याही.

तुझी
ताई


मढ
११ मार्च १९९७

ती. ताईस नमस्कार.

पत्र लिहायला उशीर झाला. होळीपर्यंत म्हणाली होतीस, मग जूनची बालवाडी कुठून आली, असं विचारायचं मनात होतं. म्हणून लिहीत नव्हते. आता विचारत नाही. तूच बरोबर होतीस.

परवा मी न्हाणीत होते. सासूबाई गोठ्यात. बाळ एकदम किंचाळलं. धावत आले तर श्रेया पाळण्याशी उभी आणि पाळणाभर कोंडा. म्हशीच्या डब्यातला कोंडा तिनं फ्रॉकच्या ओच्यात भरून आणला होता आणि पाळण्यात ओतला होता. बाळाच्या डोळ्यांत, नाकात, तोंडात कोंडा. खोकून खोकून लाल झालं होतं. मी त्याला उलटं धरलं, बोटानं तोंड साफ केलं. आणि मग श्रेयाच्या थोबाडीत मारली. ताई, जोरात मारली. ती पडली. रडली नाही, ओचा झटकला आणि उरलेला कोंडा माझ्या पायाशी टाकला. तेव्हा मी आणखी एक मारली.

यांनी बाळाला जुन्नरला नेऊन आणलं. डोळा सुजला होता, आता उतरलाय. छाती साफ आहे म्हणाले डॉक्टर. पण त्या रात्री सासूबाईंनी एवढंच म्हटलं, "आपलं एक गेलंय, आता मी धोका पत्करनार न्हाई. पोरीला तिच्या मावशीकडं घालवा." यांनी मान डोलावली. मीही हो म्हटलं.

तर ये आणि तिला घेऊन जा. मला तिच्याकडे बघवत नाही. तिची भीतीही वाटते, आणि आपल्याच पोरीची भीती वाटते याची लाजही वाटते. होळी झाली की ये.

जाता जाता एक काम. आमच्या इथल्या गिरणीची मोटर जळाली आहे आणि म्हशीचा कोंडा संपत आलाय. सासूबाई म्हणतात, तिकडच्या गिरणीत मिळाला तर अर्धं पोतं घेऊन या.

तुझी
आरती


घोडेगाव
१७ मार्च १९९७

चि. सौ. आरती,

होळीनंतरच्या रविवारी येते. दुपारच्या गाडीनं पोचेन. कोंड्याचं अर्धं पोतं टपावर टाकून आणते, सावळेरामरावांना स्टँडवर उभं राहायला सांग. श्रेयाचे कपडे फार बांधू नकोस, इथं सगळं तयार आहे. तिला आधीपासून सांगून ठेव, मावशी तुला न्यायला येणार आहे म्हणून, म्हणजे ऐनवेळी रडारड नको.

मारलंस त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. आईनंही आपल्याला कमी मारलं नाही. आपण काय बिघडलो?

ताई


घोडेगाव
२ एप्रिल १९९७

चि. सौ. आरती,

रविवारी मी तशीच परत का आले, ते तू मला विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. "पोर घाबरली आहे, आत्ता नको" एवढं बोलून संध्याकाळची गाडी धरली. सगळ्यांसमोर बोलायचा मला धीर नव्हता. आता लिहिते. हे पत्र दोनदा वाच. मग सावळेरामरावांना ते सासूबाईंनाही वाचून दाखवायला सांग.

मी आले तेव्हा श्रेया दारात उभी होती. मी तिला हाक मारली, तशी ती एक पाऊल पुढे आली. तेवढ्यात सावळेरामरावांनी पोतं ओट्यावर टाकलं आणि तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, कोंडा आनलास!" पोरीनं पोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पिशवीतून झालरीचा फ्रॉक काढेपर्यंत ती गायब झाली होती.

तुम्ही सगळे विहिरीकडे आणि ओढ्याकडे धावलात. मी आपली उतारानं खाली चालत राहिले. खालच्या आळीत एका दारातून आक्काबाईंनी मला हाक मारली. "पावनं, पोरगी हुडकताय का? हितं हाय. पन दमानं या, लई भ्यालीय."

श्रेया त्यांच्या चुलीपाशी भिंतीला पाठ लावून बसली होती. आक्काबाई म्हणाल्या, "आली आन् मला इचारती कशी, तू पोरं इकत घेत न्हाईस ना? मी म्हनलं न्हाई बाई, आमी न्हाई घेत. मंग बसली."

मला तेव्हाही उमजलं नाही. मी आपली समजूत घालायला बसले. तिला म्हटलं, चल, आई वाट बघते. तर तिनं विचारलं, "कोंडा कुनाचा?"

मी म्हटलं, "म्हशीचा."

"न्हाई. तू माझा आनलास."

आरती, मग ती बोलायला लागली. तीन वर्षांचं पोर ते, पुढचं मागं, मागचं पुढं. आक्काबाईंनी आणि मी मिळून जुळवलं ते असं. आजीनं बाळ कुशाबाईला दिलं. मग आजीनं कोंडा दिला, म्हणून बाळ घरी आलं आणि आईजवळ झोपलं. श्रेयाचा कोंडा कुणीच दिला नाही, कुशाबाई रोज सांगते. म्हणून श्रेयाला आईजवळ झोपू देत नाहीत. म्हणून कुशाबाई कधीही येऊन तिला नेणार. आणि शेवटी ती म्हणाली, जशीच्या तशी लिहिते, "मग मीच माझा कोंडा दिला. बाळाच्या जागेवर दिला. तरी आईनं मारलं."

ती बाळाच्या जिवावर उठली नव्हती गं. स्वतःचं मोल घेऊन आली होती. बाळाला तू जिथं झोपवतेस, तिथं आपल्यालाही जागा मिळावी म्हणून तिनं ते ओतलं. एक ओचा कमी पडला असं वाटलं असेल, म्हणून उरलेला तुझ्या पायाशी टाकला.

मी तिथंच आक्काबाईंच्या चुलीसमोर रडले. जळते, जळते म्हणून मीच तुझ्या डोक्यात भरवलं. उशीची गोष्ट मीच सांगितली.

आणि आणखी एक, तेही लिहूनच टाकते. मी तिला थोड्या दिवसांसाठी न्यायला आलेच नव्हते. तुझ्या दाजींना मी सांगून निघाले होते की पोर आता इथंच वाढेल, शाळाही इथंच. तुला मुलगा झालाय, तू गुंतशील, हळूहळू तुला सवय होईल, असा सगळा हिशेब मी एसटीत बसून मांडला होता. मला मुलगी पाहिजे होती. तिनं मला बघून पळ काढला, तर बाकीचे म्हणतील पोर चुकीचं समजली. ती काही चुकीचं समजली नव्हती.

तिला माझ्याकडे पाठवू नकोस. आणि फ्रॉक तिथंच राहिलेत, ते घाल तिला.

तुझी
ताई


मढ
९ एप्रिल १९९७

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी ते दोनदा नाही, कितीदा वाचलं ते मलाच ठाऊक नाही. मग श्रेयाला शोधलं. ती दाराआडच होती. मांडीवर घेतलं तर अंग आखडून बसली, जसं परक्याच्या मांडीवर बसतात. तिच्या गालाला हात लावला तेव्हा तिनं डोळे मिटले. मी पुन्हा मारणार असं तिला वाटलं.

मी तिला म्हटलं, "तुला विकत घ्यायला लागत नाही. तू माझ्या पोटातून आलीस." तिनं विचार केला आणि म्हणाली, "बाळ बी पोटातनं?" मी हो म्हटलं. "मग पप्पा बाजारातनं म्हनले ते? आन् आजीनं दिलं का मग कुशाबाईला?" आपण मोठ्यांनी तिला तीन तोंडांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि तिनं त्या तिन्ही खऱ्या धरल्या. मी एवढंच म्हटलं, "माझं चुकलं. तू कोंडा दिलास ते मला कळलं नाही." त्यावर ती थोडी सैल झाली. माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

संध्याकाळी यांनी पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. तुझा तो शेवटचा भाग सोडून वाचायला मी सांगितलं होतं, पण हे एकदा वाचायला लागले की थांबत नाहीत. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. मला वाटलं, आता उलट माझ्यावरच येणार, तुझ्या पोरीला एवढंही कळत नाही म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तू आणलेलं पोतं ओढत अंगणात नेलं आणि श्रेयाला हाक मारली. ती येईना. मग यांनी उचलून नेलं. सासूबाईंनी पोत्याचं तोंड सोडलं, घमेल्यात कोंडा काढला, पाणी घातलं आणि म्हशीपुढे ठेवला. "बघ गं श्रेये," म्हणाल्या, "मावशीनं हिच्यासाठी आनलाय. तुझ्यासाठी न्हाई." म्हशीनं घमेलं चाटून साफ केलं. श्रेया बघत राहिली. मग तिनं पोत्याकडे बोट केलं. "ह्यो?" सासूबाईंनी दुसरं घमेलं भरलं. "ह्यो बी म्हशीचा." तिसऱ्या घमेल्याला मी ओरडले, म्हशीचं पोट फुगेल म्हणून. तेव्हा थांबल्या. पण त्या दिवसापासून रोज सकाळी श्रेया स्वतःच्या हातानं म्हशीला कोंडा घालते आणि पोत्यात वाकून बघते, किती राहिलाय ते. पोतं रिकामं व्हायची ती वाट बघते आहे, मला दिसतं.

कुशाबाईला सासूबाईंनी दारातच अडवलं. "पुन्हा पोरीला असलं काय बोललीस तर बाळाची अंघोळ मी घालीन." कुशाबाई बिचारी कावरीबावरी झाली. "आवो मी चेष्टा करत व्हते. माझ्या सा पोरांना मी ह्येच म्हनायची." खरंही आहे. तिच्या पोरांना काही झालं नाही, कारण तिनं त्यांच्यासमोर कुणाला सुपातून नेलं नव्हतं.

आता सगळ्यांची अंथरुणं एकाच खोलीत आहेत. बाळ माझ्या डाव्या अंगाला, श्रेया उजव्या. सासूबाई उंबऱ्याशी आडव्या, कुणी यायचं तर त्यांना ओलांडून यावं लागेल. श्रेया झोपेत माझा हात धरून ठेवते आणि सोडवला तर जागी होते. मला दोन्ही हात मोकळे मिळत नाहीत. चालेल.

बाळाचा डोळा पूर्ण बरा आहे. काल पाडव्याला ती त्याच्याजवळ गेली आणि मी लगेच जवळ सरकले. मी अजून भिते, खोटं सांगत नाही. तिनं त्याच्या तळव्याला एक बोट लावलं. त्यानं ते धरलं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सोडत न्हाई हा."

आता तुझं. तू जे शेवटी लिहिलंस, त्याचा मला राग आला. दोन दिवस आला. मग आठवलं की आई गेल्यावर माझी वेणी तूच घालत होतीस आणि तुलाही तेव्हा कुणी विचारलं नव्हतं की पोरी, तुला काय पाहिजे. तू मला न सांगता माझी पोर न्यायला निघाली होतीस, ते मी विसरणार नाही. पण तुला मुलगी पाहिजे होती हे तू मला आधी सांगितलं असतंस, तर मी तुला हसले नसते. श्रेया तुझ्याकडे येईल, तिला यावंसं वाटेल तेव्हा, आणि मी बरोबर येईन. तोवर तूच ये. ऋषीची परीक्षा झाली की त्याला घेऊन ये आणि राहा चांगली महिनाभर.

काल तिला झालरीचा फ्रॉक घातला. तिनं विचारलं, कुणी दिला? मी म्हटलं, मावशीनं. तिनं झालर हातात धरून बराच वेळ बघितली. मी म्हटलं, मावशीला पत्र लिहिते आहे, काय सांगू? तिनं सांगितलं ते लिहिते.

"मावशीला म्हनावं ये. पन काय आनू नको. नुस्ती ये."

तुझी
आरती